काढली गाठ, सापडलं भलतंच

२०२० सालच्या अगदी सुरुवातीला वुहानमधल्या झोंगनान रुग्णालयात दोन वयस्कर रुग्णांच्या उजव्या फुप्फुसाचा एकेक खंड कापून काढला गेला. एक ८४ वर्षांच्या आजी, दुसरे ७३ वर्षांचे आजोबा. दोघांनाही फुप्फुसाचा कर्करोग होता आणि ऑपरेशन त्यासाठीच होतं. मागाहून कळलं की टेबलावर झोपवलं तेव्हाच दोघांच्या अंगात कोविडचा तो नवा विषाणू शिरलेला होता. मग तिथल्या पॅथॉलॉजिस्टांनी त्याच ऊतीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. गाठीपासून लांबच्या भागात वायुकोशांमध्ये प्रथिनांनी भरलेलं पाणी साचलेलं, वायुकोशांचं अस्तर फुगलेलं, मधूनच अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी. आजी पुढे वारल्या, आजोबा बरे झाले.

फेब्रुवारीअखेर हा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा कोविडने गेलेल्यांची शवविच्छेदनं फारशी झालेली नव्हती. शिवाय शवविच्छेदनात दिसतो तो आजाराचा शेवटचा अंक. या दोघांच्या फुप्फुसात पहिला अंक दिसला, कारण तिथे कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सुरी चालवली होती.

एवढं नाट्य नेहमी नसतं. पण कर्करोगासाठी काढलेल्या फुप्फुसात कर्करोगाशिवाय आणखी काहीतरी सापडणं, ही पॅथॉलॉजीच्या टेबलावर नवलाची गोष्ट नाही. नवल वाटतं ते रुग्णाच्या घरच्यांना. रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवून ते विचारतात, "डॉक्टर, कॅन्सरचं कळलं, पण हे खाली काय लिहिलंय?" हा लेख त्या खालच्या ओळींबद्दल आहे.

आधी तो तुकडा आमच्याकडे, म्हणजे पॅथॉलॉजिस्टांकडे, येतो कसा, ते सांगते. उजव्या फुप्फुसाला तीन खंड असतात, डाव्याला दोन. गाठ ज्या खंडात असेल तो पूर्ण, किंवा गाठ छोटी असेल तर खंडाचाही भाग, सर्जन काढतात आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून पाठवतात. बरणीत तो बुडत नाही, तरंगतो. आत हवा असते ना! तरंगणाऱ्या भागात फॉर्मॅलिन मुरत नाही, म्हणून श्वासनलिकेच्या कापलेल्या तोंडातून नळीने फॉर्मॅलिन भरून तो खंड हळूहळू फुगवायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी लांब पात्याच्या सुरीने पावासारखे काप करायचे. याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो. डोळे चुरचुरत असतात, एका हातात सुरी, बाजूला मोजपट्टी, आणि मदतनीस कॅसेटवर, म्हणजे तुकडे ठेवायच्या छोट्या डबीवर, पेन्सिलीने नंबर घालत असतो.

मुंबई-पुण्यात जन्म काढलेल्या माणसाच्या फुप्फुसावर काळी जाळी दिसते, सिगारेट न ओढणाऱ्याच्याही. ती काजळी. त्या काळ्या-करड्या कापात गाठ पांढरट, घट्ट, उठून दिसते आणि नजर तिथेच खिळते. गाठीचे पाच-सहा तुकडे घेतले जातात, कापलेल्या कडेचा एक, लसिकाग्रंथी झाडून सगळ्या. आणि गाठीपासून लांबच्या, वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या फुप्फुसाचा? एक. घाई असेल तर तोही राहतो. त्या एका तुकड्यातून तीन-चार मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतका पापुद्रा काचेवर येतो. एका माणसाच्या फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, त्यातले दिसले किती, याचा हिशेब तुम्हीच करा. माझं मत विचाराल तर लांबच्या भागाचे निदान दोन-तीन तुकडे हवेतच. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, वाढतात, खर्च वाढतो, मान्य आहे. पण माणसाच्या फुप्फुसाचा एवढा मोठा भाग तपासायला पुन्हा मिळणार नसतो.

आता सापडतं काय काय ते पाहू.

आपल्या देशात पहिला नंबर अर्थातच ग्रॅन्युलोमाचा. शरीराला जे मारून टाकता येत नाही, त्याच्याभोवती ते पेशींचं कडं करतं. घरात शिरलेल्या सापावर टोपली पालथी घालून वर दगड ठेवावा तसं. मधोमध चिजासारखा मऊ, मेलेला भाग असला की आमच्या मनात पहिलं नाव येतं क्षयाचं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे ते नाव येणं चूकही नाही. पुष्कळदा तर गाठच अशी निघते. सीटी स्कॅनवर संशयास्पद, पेट स्कॅनवर चकाकणारी, बायोप्सीत नीट न कळलेली गाठ, म्हणून खंड काढावा तर आत कर्करोग नाहीच, जुना क्षय. पेट स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो, आणि भडकलेली सूजही कर्करोगासारखीच साखर खाते. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २००२ साली सुरू झालेल्या ५३ हजारांवर लोकांच्या मोठ्या सीटी तपासणी प्रयोगात, सीटी झालेल्या गटात ज्यांच्यावर शस्त्रक्रियेपर्यंत वेळ आली, त्यांच्यातल्या साधारण चारांतल्या एकाला कर्करोग नव्हता.

पण ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी, हे समीकरण डोळे मिटून मांडता येत नाही. २०१२ साली सात देशांतल्या ५०० फुप्फुसांतल्या ग्रॅन्युलोमांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेबाहेर क्षयाच्या कुळातले जंतू १९ टक्के रुग्णांत सापडले, अमेरिकेत फक्त ८ टक्के. बुरशीचं उलटं: अमेरिकेत १९ टक्के, बाहेर ४ टक्के. कारण तिथल्या ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत मातीतच हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असते, आणि ती श्वासातून गेली की असाच ग्रॅन्युलोमा करते. म्हणजे काचेवर सारखीच दिसणारी गाठ ओहायोकाठच्या सिनसिनाटीत बुरशीची निघेल आणि सोलापुरात टीबीची. आणि त्या ५०० पैकी ४२ टक्के रुग्णांत कारण शेवटपर्यंत कळलंच नाही. तज्ज्ञ मंडळींनी धडपड करूनही! तेव्हा तुमच्या रिपोर्टवर 'कारण निश्चित नाही' असं लिहिलेलं असलं, तर तो लगेच आळशीपणा समजू नका.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार कामाची वाटते. बुरशी बहुतेकदा काचेवरच दिसून ओळखली गेली, पण क्षयाच्या कुळातले जंतू बहुतेकदा कल्चरमध्ये, म्हणजे ऊतीतून जिवंत जंतू वाढवून, सापडले. इथेच आमची गोची होते. फॉर्मॅलिन जंतू मारून टाकतं. सगळा खंड एकदा फॉर्मॅलिनमध्ये पडला की त्यातून कल्चर होणं शक्य नाही. मग उरतं ते काचेवर झील-नील्सन रंग देऊन निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडी शोधणं. अर्धा-अर्धा तास तेलाच्या भिंगाखाली शोधायचं, आणि जुन्या, विझत आलेल्या गाठीत बहुधा काही मिळत नाही. मेणाच्या ब्लॉकमधल्या ऊतीवर पीसीआर, म्हणजे जंतूच्या जनुकांचा शोध घेणारी तपासणी, करता येते, पण फॉर्मॅलिनने जनुकांचेही तुकडे पडलेले असतात, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी हायसं वाटत नाही. औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, हे तर कळणं आणखीच अवघड. थोडीशी शंका असेल तर सर्जननी ऑपरेशनच्या वेळीच बोटाच्या पेराएवढा तुकडा वेगळा काढून, फॉर्मॅलिन न लावता, साध्या सलाइनमध्ये घालून लगेच पाठवायचा असतो. पाच मिनिटांचं काम. पण ज्याला ध्यानीमनी टीबी नाही, तो सलाइनची बाटली कशाला मागेल? 'अनपेक्षित' या शब्दाची खरी किंमत इथे मोजावी लागते.

आणखी एक चकवा. गाठ कर्करोगाचीच आहे, पण शेजारच्या लसिकाग्रंथींत कर्करोग नाही, छोटे छोटे, घट्ट ग्रॅन्युलोमा आहेत. अशा वेळी टीबीच असेल असं नाही. कर्करोग शेजारी आला की ग्रंथी कधी कधी स्वतःहूनच अशी प्रतिक्रिया देतात, त्यात जंतूचा संबंध नसतो. रुग्णाच्या दृष्टीने यात दिलासाही आहे. स्कॅनवर ग्रंथी मोठ्या दिसल्या म्हणून जो कर्करोग पसरलेला वाटत होता, तो प्रत्यक्षात आधीच्या टप्प्यावरचा निघू शकतो. पण कोणी घाईने सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू केली, तर मधल्यामध्ये केमोथेरपीचं वेळापत्रक कोलमडतं.

टीबी खरोखर असेल तर मात्र थांबून चालत नाही. केमोने प्रतिकारशक्ती उतरली की झोपलेला जंतू उठतो. म्हणूनच छातीच्या डॉक्टरांनी आणि कर्करोगाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणं गरजेचं. रुग्णाच्या मुलाने दोघांमध्ये निरोप्या व्हायचं, याला बोलणं म्हणत नाहीत.

धुराबद्दल थोडक्यात. सिगारेट किंवा विडी ओढणाऱ्याच्या काचेवर लहान श्वासनलिकांभोवती तपकिरी कण पोटात घेतलेल्या सफाई कामगार पेशींचे थवे दिसतात. हे म्हातारपणीचं दुखणं नाही. १९७४ साली अमेरिकेत अचानक मरण पावलेल्या तरुण माणसांच्या फुप्फुसांचा अभ्यास झाला, त्यात विशी-तिशीतल्या धूम्रपान करणाऱ्यांतही हेच थवे होते. पुढे २०१० साली ॲना-लुईस कॅटझेनस्टाइन या पॅथॉलॉजिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींसाठी काढलेले २३ खंड मुद्दाम गाठ सोडून तपासले. त्यातले २० जण धूम्रपान करणारे किंवा केलेले होते. १२ जणांच्या फुप्फुसात वायुकोशांच्या भिंती तंतूंनी जाड झालेल्या होत्या, आणि या फायब्रोसिसची आधी कुणालाच कल्पना नव्हती. कधीही न ओढणाऱ्या तिघांत एकाच्याही नव्हत्या. संख्या लहान आहे, पण त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट हे जाड गुलाबी पट्टे ओळखायला शिकले. ही फायब्रोसिस सहसा झपाट्याने वाढत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये नुसता 'फायब्रोसिस' शब्द वाचून इंटरनेटवर शोधत बसू नका. तिथे तुम्हाला दुसरीच फायब्रोसिस भेटेल.

ती दुसरी म्हणजे आयपीएफ, इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. काचेवर हिचा नमुना ठरलेला असतो: फुप्फुसाच्या बाहेरच्या कडेने वण, मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं, आणि त्याला लागूनच एकदम निरोगी फुप्फुस. जुनं आणि नवं नुकसान शेजारी-शेजारी. अनपेक्षित सापडणाऱ्या गोष्टींत मला हिची सगळ्यात जास्त भीती वाटते. आयपीएफ किंवा त्याच गटातला रोग असलेल्या फुप्फुसावर ऑपरेशनचा ताण पडला की काही दिवसांत उरलेलं फुप्फुसही भडकू शकतं. जपानमधल्या ६१ रुग्णालयांनी असा आजार असलेल्या, कर्करोगासाठी ऑपरेशन झालेल्या १,७६३ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. ९.३ टक्के लोकांना असा भडका उडाला, आणि ज्यांना उडाला त्यातले ४३.९ टक्के वाचले नाहीत. बहुतेकदा हा आजार आधी सीटीवर दिसतो. पण सुरुवातीचा असेल तर निसटतो आणि काचेवर उघडा पडतो. मग तो रिपोर्ट फाइलमध्ये घालून चालत नाही, त्याच दिवशी फोन करावा लागतो. कारण पुढे रेडिएशन द्यायचं की नाही, प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधं द्यायची की नाही, हे ठरताना ही ओळ गाठीच्या मापाइतकीच महत्त्वाची असते. ही दोन्ही फुप्फुसाला सूज आणू शकतात.

कर्करोगाचं सोडून दुसऱ्या कारणाने फुप्फुस कापलं जातं तेव्हाही असंच. छातीत हवा सुटून फुप्फुस दबलं, की सर्जन फुटलेला फुगा कापून टाकतात. तो छोटासा तुकडा बऱ्याच ठिकाणी 'हा काय, फुगाच आहे' म्हणून नीट पाहिला जात नाही. तरुण बाईच्या अशा तुकड्यात स्नायूंसारख्या पेशींचे पुंजके दिसले तर तो एलएएम नावाचा दुर्मीळ आजार असू शकतो. घरात आणखी कुणाला असंच झालं असेल, चेहऱ्यावर बारीक पांढुरके फोड असतील, तर बर्ट-हॉग-ड्युबे हा आनुवंशिक प्रकार आठवावा. १९७७ साली कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. त्यात पुढे मूत्रपिंडात गाठी होण्याचा धोका असतो. फुप्फुसाच्या एका तुकड्यावरून अख्ख्या कुटुंबाची सोनोग्राफी करायची वेळ येते ती अशी.

दिसतं ते सगळंच आजार असतं असंही नाही. नीट न फुगवलेलं फुप्फुस चिमटलं की वायुकोशांच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि फायब्रोसिसचा भास होतो. सर्जनने चिमट्यात धरलेल्या जागी रक्त सांडलेलं असतं. गाठीने नळी दाबली की तिच्यामागच्या भागात न्यूमोनिया होतो, तो गाठीचाच परिणाम. आणि शिरांच्या बाजूला एक-दोन मिलिमीटरचे, गोल पेशींचे इवलेसे पुंजके दिसतात. १९६० साली त्यांचं वर्णन झालं तेव्हा त्यांना चक्क 'बारीक गाठी' असं नाव मिळालं होतं. आज आम्ही ते पाहतो, नाव लिहितो आणि पुढे जातो. रिपोर्टमध्ये 'मेनिंगोथीलियल' असा भारदस्त शब्द दिसला तर घाबरायचं कारण नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या सापडण्याबद्दल. आवडतं म्हणजे रुग्णाला त्रास नको होता असं वाटूनही, डोळ्यांना सुखावणारं. ते म्हणजे वरण.

खोटं वाटेल, पण फुप्फुसात डाळ सापडते. आपण जेवतो तेव्हा घास अन्ननलिकेत जातो आणि श्वासनलिकेचं झाकण बंद होतं. हे झाकण आळसावलं, किंवा रात्री आडवं झाल्यावर पोटातलं आंबट वर आलं, की अन्नाचे बारीक कण चुकीच्या वाटेने उतरतात. आपल्याला दर वेळी ठसका लागेलच असं नाही. पॅथॉलॉजीच्या इंग्रजी पुस्तकांत यासाठी जुनं नावच आहे: लेंटिल न्यूमोनिया, म्हणजे मसुरीचा न्यूमोनिया. डाळीच्या दाण्यातल्या पेशी अंडाकृती, जाड भिंतीच्या असतात आणि आत स्टार्चचे गोळे ठासून भरलेले. फुप्फुसात अडकल्यावर स्टार्च हळूहळू पचून जातं आणि नुसती पोकळ कवचं उरतात. त्यांना गिळायला आलेल्या महाकाय पेशी भोवती गर्दी करतात, सूज येते, पुढे ती घट्ट होऊन स्कॅनवर गाठीसारखी दिसते. ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलं तर वनस्पतींच्या भिंतींतलं सेल्युलोज अंधारात काजवे चमकावेत तसं लखलखतं. औषधाच्या गोळ्यांमध्ये भरावाला घातलेले कणही फुप्फुसात सापडतात आणि सरावलेल्या नजरेला वेगळे ओळखू येतात. २००७ साली अशा ५९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डॉक्टरांना हे अन्नामुळे असेल अशी शंकाही आलेली नव्हती.

मागे माझ्याकडे दुसऱ्या एका गावाहून स्लाइड आल्या होत्या, दुसऱ्या मतासाठी. सत्तरीच्या गृहस्थांचा उजवा खालचा खंड, कर्करोगाच्या शंकेने काढलेला. कर्करोग नव्हता. पहिल्या रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमा, टीबी असू शकतो' असं होतं, आणि औषधं सुरू होऊन दीड महिना झाला होता. खोकला जसाच्या तसा. मी काच लावली. महाकाय पेशी होत्या खऱ्या, पण चिजासारखा मेलेला भाग नव्हता, आणि सगळी सूज बारीक श्वासनलिकांना धरून होती. भिंग बदललं. एका महाकाय पेशीच्या पोटात फिकट, पोकळ कडी, तिच्या शेजारी दुसरी, आणि एकीत अजून दोन-तीन स्टार्चचे गोळे शिल्लक. ध्रुवीकरणाची काच फिरवली आणि ती लखलखली.

त्यांची मुलगी ब्लॉक परत न्यायला आली होती. तिला विचारलं, "बाबांना रात्री छातीत जळजळ होते का? जेवताना ठसका लागतो?"

"जळजळ तर वर्षानुवर्षं आहे," ती म्हणाली. "आणि ठसक्याचं काय सांगू, रोज लागतो. आई गेल्यापासून जास्तच. ते म्हणतात, ती आठवण काढतेय."